कोऱ्या खिडकीवरचा ठसा

चौथा काप सुटला, तेव्हा मी मेण धुवायच्या झायलीनच्या भांड्यासमोर उभ्या उभ्या रडायला लागले. सव्वीस वर्षांची घोडी, अंगात पांढरा कोट, आणि नाक पुसतेय कोटाच्या बाहीला. भांड्यात तो काप दुधावरची साय तरंगावी तसा निवांत तरंगत होता.

बिरनाळे काका काप काढायच्या यंत्रापाशी, मायक्रोटोमपाशी बसून बघत होते. त्यांनी हातातलं चाक थांबवलं नाही.

"रडायलीस काय?" ते म्हणाले. "रड की. पण जरा लांब होऊन रड. झायलीनमध्ये पाणी पडलं तर माझं काम वाढतंय."

मला हसू आलं आणि त्यामुळे आणखीच रडू आलं.

गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. मिरजेतलं एक मेडिकल कॉलेज, नाव कशाला सांगू. मी साताऱ्याकडची, उल्का कणसे, पीएच.डी. करायला तिथे आलेली. आमच्या विभागात एक नवं मशीन आलं होतं आणि त्या मशीनला हात लावणारी मी पहिलीच. त्याचा मला इतका तोरा होता की पहिलं वर्षभर कुणी रस्ता विचारला तरी मी मशीनबद्दल सांगायची. तुम्हालाही थोडं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की काढलेला तुकडा मेणात बसवतात. त्याचे केसाहूनही पातळ काप काढतात, त्यांना रंग देतात आणि डॉक्टर ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आमचं मशीन रंगाशिवाय बघायचं. ते कापातून इन्फ्रारेड किरण सोडायचं. प्रत्येक पदार्थ त्या किरणांतला आपापला वाटा गिळतो. प्रथिनं वेगळा, चरबी वेगळा. कुठे किती गिळलं गेलं ते ठिपक्या-ठिपक्याने मोजायचं आणि त्याचं चित्र काढायचं. प्रथिनं जास्त तिथे लाल, काहीच नाही तिथे काळं. साधी काच हे किरण स्वतःच गिळते, म्हणून काप घ्यायचे ते क्षाराच्या पारदर्शक चकत्यांवर. या कामात त्या चकतीला खिडकी म्हणतात. खिडक्या परदेशातून यायच्या आणि नखानेसुद्धा ओरखडायच्या.

मशीन भलतंच नाजूक. जवळ उभं राहून बोललं तरी श्वासातली वाफ मापात उतरायची, म्हणून माप चालू असताना मी दाराबाहेर स्टुलावर बसायची. बिरनाळे काकांनी ते एकदा पाहिलं आणि म्हणाले, "मशीन आहे का सोवळ्यातली बाई? सावलीसुद्धा चालत नाही म्हणायची." रंग न देता आम्ही बघतो हे तर त्यांना पटतच नव्हतं. रंग नाही तर दिसतं काय, डोंबल?

शिवाप्पा बिरनाळे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. कॉलेजात हजारो रुग्णांचे काप त्यांनी कापले होते. चौतीस वर्षं. अवघड तुकडा असला की डॉक्टर मंडळी आधी विचारायची, बिरनाळे आहेत का आज? पण रिपोर्टवर सही डॉक्टरांची, नाव विभागाचं. काप कुणी कापला हे कुठल्याही कागदावर नसायचं. काकांना त्याचं काही वाटत असेल असं मला तेव्हा कधी वाटलं नाही.

त्यांच्या डाव्या करंगळीच्या पेरावर आडवा पांढरा व्रण होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी पातं लागलेलं. ते म्हणायचे, मशीनने माझी सही घेतली आणि मग कामावर ठेवलं.

आणि एक अंडं. काका लिंगायत, घरात अंड्याचं नावही निघत नसे. पण साध्या काचांवर काप घट्ट बसावा म्हणून अंड्याचा पांढरा बलक आणि ग्लिसरीन घोटून एक चिकट पाणी करतात, ते काका स्वतःच करायचे. महिन्यातून एकदा समोरच्या दुकानातून एक अंडं रुमालात गुंडाळून आणायचे, चोरून काही आणल्यासारखं इकडेतिकडे बघत. बलक गाळून घेतला की पिवळा भाग शिपायाला द्यायचे आणि हात साबणाने दोनदा धुवायचे. मग काचेवर त्या पाण्याचा थेंब घ्यायचा, करंगळीने पसरायचा आणि शेवटी त्याच करंगळीने एकदा हलकेच थोपटायचं. ते थोपटणं बघत राहावं असं होतं. बाळाला झोपवताना आईचा हात पडतो, तसा तो हात पडायचा.

माझ्या खिडक्यांना मात्र काहीही लावायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काका मान हलवून हो म्हणाले होते.

अडचण अशी की कापातलं मेणही किरण गिळतं. म्हणून माप घेण्याआधी मेण झायलीनमध्ये धुवून काढावं लागतं. निरोगी तुकड्यांचे काप मऊ, ते खिडकीवर छान बसून राहायचे. कॅन्सरचे तुकडे टणक, ते धुताना सुटायचे. त्या आठवड्यात चार सुटले. माझी फेलोशिप मार्चअखेर संपणार होती, ती वाढवायची तर काहीतरी हाती लागायला हवं होतं, आणि माझ्या हाती होती चार रिकामी भांडी.

रडून झाल्यावर काकांनी मला चहा पाजला. जायच्या वेळी म्हणाले, "उद्यापासनं धुवायचं कामपण माझ्याकडे दे. तू फक्त मशीनकडं बघ. काप सुटणार नाही."

आणि खरंच सुटले नाहीत. माझा जीव भांड्यात पडला. काकांच्या हाताला यश आहे, असं मी आईला पत्रात लिहिलं. पुढच्या तीन महिन्यांत चौदा रुग्णांचे काप मापून झाले. प्रत्येकाचा एक कॅन्सरचा आणि एक दूरचा, निरोगी.

मग ते दिसलं. गालाच्या कातडीखाली चरबी असते. झायलीनमध्ये ती चरबी विरघळून जाते आणि तिथे मोकळ्या खोल्या उरतात. त्या चित्रात काळ्या दिसायला हव्यात. निरोगी कापांत त्या काळ्याच होत्या. कॅन्सरच्या कापांत मात्र त्या खोल्यांमध्ये फिकट लाली होती. प्रथिनं! जिथे काहीच नसायला हवं तिथे. चौदापैकी चौदा.

माझे गाईड देशिंगकर सर, मितभाषी माणूस. ते चित्रांपुढे पंधरा मिनिटं उभे राहिले आणि मग खिशातून पेन काढून परत खिशात ठेवलं. गाठ पुढे सरकायच्या आधी काहीतरी पुढे पाठवते आहे, असं ते म्हणाले. डोळ्यांना दिसायच्या आधी तिची चाहूल आपल्याला लागते आहे. त्यांनी फेलोशिप वाढवायचा अर्ज स्वतः लिहिला आणि दिल्लीच्या परिषदेला निबंध पाठवला. निबंध स्वीकारला गेला. मी पेढे वाटले. काकांना दोन दिले. एक त्यांनी तिथेच खाल्ला आणि दुसरा काकूंसाठी रुमालात बांधला, त्याच अंड्याच्या रुमालात.

मग ऑपरेशन करणारे मुजावर सर चित्रं बघायला आले. ते चित्राकडे बोट करून म्हणाले, "म्हणजे आता मी गाठीच्या पलीकडे अर्धा सेंटीमीटर जास्त कापू? गालाचा अर्धा सेंटीमीटर म्हणजे माणसाचं तोंड उघडतं की नाही उघडत, एवढा फरक आहे, बाई."

देशिंगकर सर म्हणाले, आणखी थोडे रुग्ण होऊ देत, मग ठरवू. मी आणखी थोडे रुग्ण करायला लागले.

पंधराव्या रुग्णाचा काप कॅन्सरचा, दगडासारखा. काकांनी धुवून आणला आणि ओशाळून म्हणाले की हा एवढा निसटला, उद्या दुसरा देतो. मी म्हटलं असू दे. मशीन तयार होतं. किरण टिपणारा त्याचा डोळा गार राहावा म्हणून सकाळीच त्यात द्रव नायट्रोजन ओतून झाला होता, तो वाया जाणार. मला निव्वळ कंजूषपणा नडला, किंवा तारला म्हणा. मी म्हटलं, रिकामी तर रिकामी, हीच खिडकी मापून बघू, अख्खी. आजवर मी कोऱ्या जागेचं माप घ्यायची ते एका वेगळ्या खिडकीवर. ती डबीत कापसात ठेवलेली असायची, तिला कुणी कधी हात लावला नव्हता. दर वेळी तेच माप वजा करायची.

दाराबाहेर स्टुलावर बसून मी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवलं. दोन तासांनी आत येऊन पडद्यावर पाहिलं.

खिडकी काळी नव्हती. तिच्यावर लाल रेषा होत्या. बारीक, गोल गोल, एकात एक. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. मला आधी वाटलं मशीन बिघडलं. मग त्या वळणांमधून आडवी गेलेली एक सरळ काळी रेघ दिसली.

ती करंगळी होती. व्रणासकट.

सगळं आपोआप उलगडत गेलं. मी रडले होते. काकांना ते बघवलं नव्हतं. त्यांनी खिडकीवर थेंबभर अंड्याचं पाणी लावलं होतं. तेही फक्त कॅन्सरच्या कापांखाली, कारण सुटायचे ते तेवढेच. निरोगी काप आपले आपण बसायचे, त्यांना कशाला लावा? सूक्ष्मदर्शकाखाली ते पाणी कधीच दिसत नाही. चौतीस वर्षांत दिसलं नव्हतं. मग या मशीनला तरी कुठून दिसणार, असंच त्यांना वाटलं असणार. माझ्या गाठीची चाहूल, माझा दिल्लीचा निबंध, माझे पेढे, सगळं मिळून समोरच्या दुकानातलं एक अंडं होतं.

आणि खरं सांगते, पहिला विचार आला तो हाच की हे अजून कुणालाच माहीत नाही. ती खिडकी धुतली की संपलं. तो विचार मी चांगला पाचएक मिनिटं मनात फिरवला. मग मुजावर सरांचा अर्धा सेंटीमीटर आठवला आणि मला माझीच शिसारी आली.

तरातरा काप कापायच्या, हिस्टोच्या खोलीत गेले. बोलायचं ठरवूनच गेले होते. तिथे काका कपाट आवरत होते. तीन आठवड्यांनी त्यांची निवृत्ती होती. मला बघून खूश झाले, बसायला स्टूल दिलं आणि कपाटातून एक जुनं पातं काढून दाखवलं, करंगळी कापणारं तेच. त्याला त्यांनी तेल लावून ठेवलं होतं.

"चौतीस वर्षं झाली, पोरी," ते म्हणाले. "एकपण रिपोर्ट माझ्या हातानं चुकला नाही. नाव कुठं नसू दे. हे मला ठाऊक आहे, बास झालं."

मी त्या पात्याकडे बघत राहिले. मग तोंडातून निघालं ते असं की, काका, सगळे कॅन्सरचे काप पुन्हा कापावे लागतील. मशीनची काहीतरी भानगड झाली आहे. आणि या वेळी खिडकीला काहीच लावायचं नाही. अगदी काहीच नाही.

काकांनी हातातलं पातं खाली ठेवलं. "काहीच नाही?"

"काहीच नाही."

त्यांनी फळीवरच्या अंड्याच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," एवढंच म्हणाले.

ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, हे मला खूप नंतर कळलं. काप सुटू न देता धुवायचं कसं, याच्या मागे काका हात धुऊन लागले. आधी खिडक्या दोन-दोन दिवस कोमट भट्टीत वाळवून पाहिल्या. मग म्हणाले, काप बुडवायचाच कशाला? त्याला बुडवला की तो पोहायला लागतोय. मी खिडकी तिरपी धरायची आणि काकांनी ड्रॉपरने झायलीन वरच्या कडेला सोडायचं, एकेक थेंब. थेंब कापावरून ओघळायचा आणि मेण घेऊन खाली उतरायचा. एका खिडकीला पाऊण तास. हात अवघडायचा, पण हलायची सोय नव्हती. काका थेंब सोडता सोडता गप्पा मारायचे. काकूंशी भांडण कशावरून झालं, आता निवृत्तीनंतर म्हैस घ्यावी की नको. एकदा म्हणाले, जन्मभर मेलेल्या मांसाची सेवा केली, आता एखाद्या जिवंत जनावराची करावी म्हणतो.

चौदाही काप टिकले. चौदांमधल्या मोकळ्या खोल्या काळ्याशार निघाल्या. लालीचा मागमूस नाही. काकांनी विचारलं, आलं का चांगलं? मी म्हटलं, एकदम स्वच्छ आलं, काका. ते खोटं नव्हतं.

देशिंगकर सरांना मी सांगितलं की अंड्याचं पाणी मी लावलं होतं. काप सुटत होते, मला सुचलं नाही, मी लावलं. सरांनी ठशाचं चित्र हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि माझ्याकडे न बघता टेबलावर उलटं ठेवलं. व्रण त्यांना दिसला असणार. ते कॉलेजात काकांना वीस वर्षं ओळखत होते. त्यांनी दिल्लीला पत्र लिहिलं. निबंध मागे घेतला. फेलोशिप वाढली नाही. निरोप समारंभात काकांना सफारीचं कापड आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि प्राचार्य म्हणाले की बिरनाळ्यांच्या हातून कधी चूक झाली नाही. मी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

पुढची दोन वर्षं मी सांगलीत एका ज्युनियर कॉलेजात बेडूक शिकवला आणि उरल्या वेळात प्रबंध पुन्हा उभा केला. आता त्यात शोध नव्हता. मापं कशी चुकतात, आणि चुकू नयेत म्हणून काय करायचं, एवढंच होतं. वाफ कशी शिरते, मेण कसं उरतं, आणि कोरी खिडकी मापायची तर तीही त्याच हातांतून, त्याच धुण्यातून का जायला हवी. ठशाचं चित्र त्यात होतं. खाली लिहिलं होतं: संशोधिकेने लावलेल्या अंड्याच्या बलकाचा ठसा.

तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. नोटीस बोर्डावर लागते. मी साताऱ्याहून आईला बोलावलं, मैत्रिणींना बोलावलं. काकांना बोलावलं नाही. मिरजेत येऊनही त्यांच्या घराला वळसा घालून गेले. त्यांना कुठूनही कळू नये म्हणून शिपायालासुद्धा बजावलं होतं.

धारवाडहून डॉ. हिरेमठ परीक्षक म्हणून आले होते. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे, मराठी तुटक पण स्पष्ट. पहिला अर्धा तास बरा गेला. मग मी ठशाचं चित्र पडद्यावर लावलं, चांगलं तीन फुटांचं, आणि सहज सभागृहाकडे पाहिलं. शेवटच्या रांगेत सफारी घालून बिरनाळे काका बसले होते. मांडीवर लाडवांचा डबा. ते पडद्याकडे बघत होते, आणि त्यांचा उजवा हात डाव्या हाताची करंगळी चाचपत होता.

पुढचं वाक्य काय होतं तेच आठवेना.

डॉ. हिरेमठांनी चष्मा वर केला. "हा ठसा तुमचा?"

"हो, सर."

"कोणतं बोट?"

"डाव्या हाताची करंगळी."

"त्यात कापल्याची खूण आहे. दाखवा बोट."

मी हात पुढे केला आणि मूठ काही उघडेना. प्रबंधात एक जरी गोष्ट खोटी निघाली, तर बाकीच्या दोनशे पानांवर कुणी का विश्वास ठेवावा? ते मला कळत होतं. पाच वर्षं त्या मुठीत होती. देशिंगकर सरांनी डोळे मिटून घेतले होते.

शेवटच्या रांगेतली खुर्ची सरकली.

"साहेब, प्रश्न विचारायची पाळी अजून आलेली नाही, मला माहिती आहे," काका म्हणाले. "पण ते बोट माझं आहे."

डबा खुर्चीवर ठेवून ते पुढे आले. सावकाश, लग्नात आहेर द्यायला जातात तसे. त्यांनी हात वर धरला आणि करंगळी पडद्याजवळ नेली. डॉ. हिरेमठ उठून गेले, बोट बघितलं, पडदा बघितला, परत बोट बघितलं. मग त्यांनी कानडीत काहीतरी विचारलं. काकांनी कानडीत उत्तर दिलं, आणि ते उत्तर संपेचना. मला कानडी येत नाही, अंड्याचा शब्द तेवढा ओळखीचा. पण हात दिसत होते. थेंब, पसरणं, थोपटणं. मग खिडकी तिरपी धरणं, ड्रॉपर, पुन्हा थेंब. हिरेमठ मध्येच काही विचारत होते, काका मान हलवून दुरुस्ती करत होते. सरतेशेवटी काका माझ्याकडे बोट करून काही बोलले आणि त्यांचा आवाज फुटला.

हिरेमठ जागेवर आले. मला विचारलं, खोटं का लिहिलंत?

"तीन आठवड्यांनी ते निवृत्त होणार होते, सर," मी म्हटलं.

त्यांनी कागद खालीवर केले. मग म्हणाले, "बोट त्यांचं. पण चूक तुमची. तुमची कोरी खिडकी त्यांच्या हातून गेली असती तर तुम्हाला पहिल्या दिवशी समजलं असतं. बरोबर?"

"बरोबर, सर."

"ते तुम्ही पाचव्या प्रकरणात लिहिलेलं आहे. म्हणजे प्रबंधात खरी चूक तुम्ही कबूल केली, आणि न केलेलीपण कबूल केली. न केलेली तेवढी काढून टाका. तिथे त्यांचं नाव घाला. दुसरी दुरुस्ती नाही." आणि त्यांनी सभागृहाला विचारलं की आणखी कुणाला काही विचारायचं आहे का.

बाहेर व्हरांड्यात सगळे माझं अभिनंदन करत होते आणि काका एका खांबाशी उभे होते. मी जवळ गेले तर तोंड फिरवून उभे राहिले. मी म्हटलं, काका, रागावलात?

"माझं बोट तू स्वतःच्या नावावर का म्हणून घेतलंस?" ते म्हणाले. "दोन वर्षं गेली तुझी. मला एका शब्दानं बोलली नाहीस. मी काय एवढा हलका माणूस आहे?"

मी रडायला लागले. या वेळी त्यांनी लांब हो म्हटलं नाही. उलट स्वतःच डोळे पुसले, त्याच रुमालाने, आणि मग खाली बघत हळू आवाजात म्हणाले, "तू काहीच लावू नका म्हणालीस ना, तेव्हाच मला शंका आली होती. विचारायचा धीर झाला नाही. मीपण भ्यालो, पोरी."

आम्ही दोघं तिथेच पायरीवर बसलो आणि डबा उघडला. लाडू बुंदीचे होते, कडक. काकूंनी मुद्दाम केलेले.

बांधलेला प्रबंध घेऊन मी महिनाभराने त्यांच्या घरी गेले. अंगणात खरोखरच म्हैस होती. काकूंनी पाट दिला, दूध दिलं. काकांनी हात धुतले, कोरडे केले, चष्मा लावला आणि प्रबंध मांडीवर घेतला. इंग्रजी त्यांना जेमतेम वाचता यायचं. मी ते पान काढून दिलं. चित्र, आणि चित्राखाली छापलेलं: श्री. शि. बा. बिरनाळे, हिस्टोपॅथॉलॉजी तंत्रज्ञ, यांच्या डाव्या करंगळीचा ठसा. काप सुटू न देता धुण्याची प्रकरण सहामधली पद्धतही त्यांचीच.

मला वाटलं, चुकीच्या चित्राखाली नाव बघून वाईट वाटेल त्यांना. मी काहीतरी सावरासावर करायला लागले. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तीच करंगळी त्यांनी नावाच्या पहिल्या अक्षरावर ठेवली आणि एकेक अक्षर करत शेवटपर्यंत नेली. मग परत सुरुवातीला आणली आणि थांबवली. काकूंना हाक मारून म्हणाले, "इकडं ये. बघ."

काकू पदराला हात पुसत आल्या, वाकून बघू लागल्या.

"शि. बा. छापलंय," काका म्हणाले. "बा म्हणजे बाळाप्पा. वडिलांचंपण आलं की."